अध्यक्ष प्रश्न पुन्हा सांगतील

सभागृहात चाळीस खुर्च्या होत्या. त्यांतल्या सदतीस स्वतःच्या चार पायांवर उभ्या होत्या, तीन भिंतीच्या आधाराने. माणसं सव्वीस. काठ्या अकरा. चष्मे एकतीस, कारण पाच जणांचा एक चष्मा डोळ्यांवर होता आणि दुसरा कपाळावर. श्रवणयंत्रं चार, त्यांतली दोन खिशात. झोपलेले तीन, आणि व्याख्यान अजून सुरू व्हायचं होतं.

हा हिशेब अध्यक्षांचा. निवृत्त प्राध्यापक मंडळाच्या दर गुरुवारच्या व्याख्यानाला प्राध्यापक लादिपो मानाच्या टेबलामागे बसत आणि समोर जे दिसेल ते मोजत. मोजायला कान लागत नाहीत.

लादिपोंचे कान जाऊन तीन वर्षं झाली होती. छत्तीस वर्षं त्यांनी भौतिकशास्त्र विभागात ध्वनिलहरी शिकवल्या. ध्वनीने त्याची फेड अशी केली: आधी पक्षी नेले, मग मोबाइलची घंटी, मग नातवंडं, आणि शेवटी झाडून सगळ्या बायका. पुरुषांचे आवाज अजून पोचत, पण भिंतीपलीकडच्या ढोलासारखे. ठेका कळायचा, बोल नाही. कुणी अगदी तोंडासमोर येऊन सावकाश बोललं, तर अर्धं कानांनी आणि अर्धं ओठांवरून जुळवता यायचं. हे फक्त त्यांच्या बायकोला, मोरेनिकेला, ठाऊक होतं.

खरं तर या मंडळात बहिरेपण लपवणं अवघड नव्हतं. इथे सगळे बोलायला येत. ऐकायला कोण येतो? पंचाईत अध्यक्षांचीच होती. नऊ वर्षांपूर्वी सभागृहाचा माइक बिघडला. दुरुस्तीसाठी तिघांची समिती नेमली. समितीतले दोघे वारले, बिघडलेला माइक अजून आहे. तेव्हापासून मंडळाच्या घटनेत एक कलम घातलं गेलं: श्रोत्याने विचारलेला प्रश्न अध्यक्ष पुन्हा सांगतील, आणि तो शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतील.

न ऐकलेला प्रश्न पुन्हा सांगायचा कसा? लादिपोंनी यावर वैज्ञानिक तोडगा काढला होता. प्राध्यापक निवृत्त होतो, त्याचा प्रश्न निवृत्त होत नाही. संख्याशास्त्राचे ओदेतुंडे चाळीस वर्षं एकच विचारत आले होते: नमुना किती मोठा होता? विषय मधुमेह असो, मातीची धूप असो नाही तर स्वर्ग. इतिहासाच्या एफिओंगबाईंचा प्रश्न: हे ब्रिटिशांच्या आधी कसं होतं? रसायनशास्त्राचे एक गृहस्थ प्रश्न विचारतच नसत, स्वतःच्या जुन्या शोधनिबंधाची आठवण करून देत. तेव्हा कोण उभं राहिलंय एवढं बघायचं आणि त्याचा प्रश्न गर्जून सांगायचा. तीन वर्षांत एकाचीही तक्रार आली नव्हती. कधी पाहुण्याच्या प्रश्नापाशी अडखळायला झालंच, तर लादिपो कपाळाला आठ्या घालून स्वयंपाकघरामागच्या जनरेटरकडे बोट दाखवत. ‘या धुडापायी काही ऐकू येत नाही!’ सभा सहानुभूतीने मान डोलवे.

गेल्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून सभागृहाच्या छपरावर सोलर बसवलं. जनरेटर बंद झाला. आभाराचं भाषण अध्यक्ष या नात्याने लादिपोंनाच करावं लागलं. इतक्या जड अंतःकरणाने आजवर कुणी कुणाचे आभार मानले नसतील.

आणि आज व्याख्यानानंतर, जेवणाआधी, अध्यक्षपदाची निवडणूक होती. समोर उमेदवार प्राध्यापक ओकपारा. कायद्याचे. मंडळाची चौदा पानी घटना त्यांनीच लिहिली होती. त्यांचे कान मांजरासारखे तिखट होते, आणि निवृत्तीनंतर त्यांना एकच छंद उरला होता: दुसऱ्याची चूक मुद्देसूद मांडणं.

सकाळी मोरेनिकेने नवऱ्याचा आग्बादा, तो घोळदार झगा, खांद्यावर नीट चढवला आणि हनुवटी धरून त्यांचं तोंड स्वतःकडे वळवलं.

“केमीचे बाबा, इकडे बघा. आज बोलायला कोण येतंय, माहीत आहे का?”

“कुणीतरी डॉक्टर आहे.”

“कसली डॉक्टर?”

“विद्यापीठात सगळेच डॉक्टर असतात, केमीची आई. कसले ते विचारायचं नसतं.”

मोरेनिकेने स्वतःच्या कानाच्या पाळीला बोट लावलं. “याची.”

लादिपो मटकन पलंगावर बसले. “कुणी बोलावलं तिला?”

“तुम्ही! चिटणीसांचा फोन आला होता. मी भेंडी चिरत होते. तुम्ही म्हणालात, उत्तम, उत्तम, काळाची गरज आहे.”

“फोनवर मी सगळ्यालाच काळाची गरज म्हणतो.”

“मग भोगा. नाही तर एकदाचं सांगून टाका. कान गेलेत, चोरी नाही केली कुणाची.”

“सांगितलं की काय होईल, ठाऊक आहे? ओकपारा माझ्या गौरवाचा ठराव मांडेल. आणि तोसुद्धा हळू आवाजात. माझाच निरोप मला ऐकू यायचा नाही.”

मोरेनिके हसली, पण लगेच गप्प झाली. तिला गुरुवारची किंमत ठाऊक होती. बाकीचे सहा दिवस लादिपो म्हणजे घरातलं एक फर्निचर होतं, ज्याला तीन वेळा जेवू घालावं लागतं. मुलगी फोन करी, ती आईशी बोले. शेजारी येत, तेही आईशीच बोलत आणि जाताना यांच्याकडे बघून हात हलवत. गुरुवारी मात्र सव्वीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत थांबत. ते बोलले की सभा पुढे सरके, ते गप्प राहिले की थांबे. हे पद गेलं की आठवड्यात सात सोमवार.

“टोपी डावीकडे पाडा,” ती म्हणाली. “उजवीकडे पाडली की म्हातारे दिसता.”

सभा रीतीप्रमाणे प्रार्थनेने सुरू झाली. मग अध्यक्षांचं गौरवपत्र वाचलं गेलं. जन्म, शाळा, शिष्यवृत्ती, पदव्या, समित्या, त्या समित्यांच्या उपसमित्या. मंडळातल्या प्रत्येकाला ते पाठ होतं, तरी ते दर गुरुवारी वाचलं जाई. न वाचणं हा अपमान. लादिपोंना हा भाग आवडे. कुठे विनयाने मान खाली घालायची हे त्यांना न ऐकता कळत असे. मग वक्त्याचं गौरवपत्र झालं. ते वयाला साजेसं आखूड होतं, म्हणून वाचणाऱ्याने ते दोनदा वाचलं.

डॉक्टर बुसोला तिशीतली होती. आधी तिने गुडघे वाकवून सगळ्या वडीलधाऱ्यांना नमस्कार केला, मग बोलायला लागली. लादिपोंना तिच्या ओठांची हालचाल बाजूने दिसत होती, म्हणजे काहीच दिसत नव्हतं. पडद्यावर कानाचं चित्र आलं, त्यांनी मान डोलावली. दुसरं चित्र आलं, पुन्हा डोलावली. तिसरं चित्र आलेख होता. डावीकडे जाड, संथ कंपनांचे आवाज, उजवीकडे बारीक, जलद कंपनांचे. एक रेघ डावीकडून सरळ येत होती आणि मध्यावरून खाली कोसळत होती. लादिपो त्या रेघेकडे बघतच राहिले. पक्षी, मोबाइल, नातवंडं, बायका. सगळे ज्या कड्यावरून खाली पडले तो कडा समोर होता, मापासकट. सुबक आलेख आहे, असं त्यांना वाटून गेलं आणि मग स्वतःचाच राग आला.

टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली.

ओदेतुंडे काठीवर भार देऊन उठले, ओठ हलले, बसले.

“प्राध्यापक ओदेतुंडे विचारतात,” लादिपो गरजले, “नमुना किती मोठा होता?”

डॉक्टर बुसोलाने क्षणभर अध्यक्षांकडे पाहिलं, मग ओदेतुंडेंकडे. मग तिने उत्तर दिलं. लादिपोंना पडद्यावर तीनशे बाराचा आकडा दिसला. ठीक चाललं होतं.

एफिओंगबाई उठल्या. आज त्यांनी हातवारे जरा जास्त केले, वर छताकडेही बोट दाखवलं. विषयाचा आवेश, लादिपोंनी ठरवलं.

“एफिओंगबाई विचारतात, ब्रिटिश येण्याआधी आपल्याकडे कानांवर काय उपचार होते?”

बुसोलाने पुन्हा तसंच पाहिलं. उत्तर दिलं. बाई काही क्षण उभ्याच राहिल्या, मग शाल घट्ट लपेटून बसल्या.

मग ओकपारा उठले. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, घाम टिपावा तसा तोंडावर धरला आणि रुमालाआडून काहीतरी बोलले. अगदी थोडकं. लादिपोंना दिसला तो फक्त रुमाल.

ओकपारा कधी थोडक्यात बोलत नसत. पण थांबणं शक्य नव्हतं. थांबलेला अध्यक्ष म्हणजे पकडलेला अध्यक्ष.

“प्राध्यापक ओकपारा विचारतात,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही चढला, “गोंगाटाविरुद्ध कायदा आहे, पण त्याची अंमलबजावणी कुठे आहे?”

बुसोलाने या वेळी उत्तर दिलं नाही. तिने जमिनीकडे पाहिलं.

ओकपारांनी रुमालाची घडी घातली. ते दोन रांगांमधून चालत पुढे आले, मानाच्या टेबलावर दोन्ही हात टेकले आणि लादिपोंच्या तोंडासमोर, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “मी विचारलं, अध्यक्ष महाराज, आज वार कोणता.”

हे लादिपोंना कळलं. कानांनीही, ओठांवरूनही.

मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. चार-पाच जणांनी कानामागे तळवे धरले होते. पुढे काय झालं ते त्यांना समजलं नव्हतं. ओकपारांचा आवाज तिथवर गेला नव्हता. ते सवयीने अध्यक्षांकडे बघत होते. वेळ संपली, चला जेवायला, एवढं म्हणून सुटता आलं असतं. वाफवलेल्या मोईन-मोईनचा वास दारापर्यंत आलाच होता. लादिपोंनी तोंड उघडलं. पण नऊ वर्षांची सवय त्यांच्याआधी बोलली.

“प्राध्यापक ओकपारा म्हणतात,” ते शेवटच्या रांगेकडे बघून गरजले, “की त्यांनी आज वार कोणता असं विचारलं होतं! आणि मी भलतंच सांगितलं! कारण मला ऐकू येत नाही!”

सगळे गप्प झाले असावेत. लादिपोंना नक्की सांगता आलं नसतं.

“तीन वर्षं!” त्यांनी भर घातली, कारण अर्धवट माहिती देणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

श्रोत्यांत बसलेली मोरेनिके उठून आली आणि टेबलापाशी त्यांच्यासमोर उभी राहिली. आता सभेत कुणी बोललं की ती वळून ऐके, मग नवऱ्याकडे तोंड करून सांगे.

“ओकपारा म्हणतायत, आधीचे दोन प्रश्नही तपासा. डॉक्टरबाईंना विचारतायत, तुम्ही तर ऐकलं असेल. ती म्हणतेय, हो, ऐकलं.”

“मग बोलली का नाही?” लादिपोंनी विचारलं.

बुसोलाने स्वतःच पुढे येऊन त्यांना तोंड दिसेल असं सांगितलं. “भर सभेत वडीलधाऱ्यांना खोटं पाडायची आमच्या घरी रीत नाही, सर. तुम्ही सांगितला तो प्रश्न मी घेतला. तेवढी तयारी होती.”

ओदेतुंडे काठी टेकत उठले. मोरेनिकेने ऐकलं आणि तिला हसू आवरेना. “ते म्हणतायत, त्यांनी विचारलं होतं, जेवण कधी आहे. पण तुम्ही नमुन्याचं विचारलंत, आणि तो प्रश्न जास्त चांगला होता, म्हणून गप्प बसले.”

लादिपोंनी हे कर्तव्य म्हणून मोठ्याने सभेला सांगितलं. सभा हसली, खांदे हलताना दिसले.

“आणि एफिओंगबाई?”

“बाईंनी प्रश्न विचारलाच नव्हता. पंखा बंद करा म्हणत होत्या. गारठल्यात.”

लादिपोंनी तेही सांगितलं. कुणीतरी पंखा बंद केला.

ओकपारा आता चांगलेच तापले होते. ते मोरेनिकेकडे बघून भराभर बोलले, आणि ती शब्दही न गाळता सांगत गेली. “म्हणतायत, याचा अर्थ तीन वर्षं ही सभा प्रश्न न ऐकता चालली! एफिओंगबाई म्हणतायत, तीन कसली, विद्यापीठात होतो तेव्हापासून अशीच चालली आहे. ओकपारा म्हणतायत, बाई, विषय गंभीर आहे. बाई म्हणतायत, मग मोठ्याने बोला, मला तुमचं निम्मंच कळलं.”

तेव्हा बुसोलाने हात वर केला. आता तिच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. समोर आयती पाहणी मांडून ठेवली होती. ती सभेकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हणाली. हात वर झाले चार: ओकपारांचा, मोरेनिकेचा, आणि श्रवणयंत्र खिशात न ठेवता कानात घालणाऱ्या दोघांचा.

“काय म्हणाली ती?” लादिपोंनी विचारलं.

“माझं बोलणं ज्यांना ऐकू येतंय त्यांनी हात वर करा, म्हणाली. आता तुम्ही म्हणा म्हणतेय.”

“माझं बोलणं ज्यांना ऐकू येतंय,” लादिपो गरजले, “त्यांनी हात वर करा!”

सव्वीस. झोपलेले तिघेही त्यात होते.

लादिपोंनी दुसऱ्यांदा मोजलं. तीन वर्षं ज्यांच्यापासून ते तोंड लपवत होते, त्यांना लादिपोंच्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. ही माणसं दर गुरुवारी येत, पडद्यावरची चित्रं बघत, मान डोलवत आणि अध्यक्ष प्रश्न सांगायला लागले की कान टवकारत. व्याख्यान म्हणजे त्यांच्या लेखी लादिपोंनी रचलेले पाच-सहा प्रश्न आणि त्यामागून येणारा भात.

“म्हणजे डॉक्टरबाई आत्ता तासभर बोलल्या ते...” ते म्हणाले.

“तुमच्यासारखंच आम्हीही बघितलं,” एफिओंगबाईंनी पुढे येऊन, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून सांगितलं. “कान छान काढला होता हो. अगदी शिंपल्यासारखा.”

ओकपारा हार मानणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी घटना काढली, कलम काढलं, बोट ठेवलं. मोरेनिके सांगत गेली. “म्हणतायत, प्रश्न पुन्हा सांगायचा तर तो आधी ऐकावा लागतो. ओदेतुंडे म्हणतायत, ऐकावा लागतो असं लिहिलेलं नाही, आणि घटना तुम्हीच लिहिलीत. ओकपारा म्हणतायत, ते गृहीत धरलं होतं. ओदेतुंडे म्हणतायत, गृहीतक लिहून ठेवायला हवं होतं, मी माझ्या विद्यार्थ्यांना यावर नापास करायचो.”

“तुम्ही दोघं एका टेबलाला बसा ना,” एफिओंगबाई म्हणाल्या. “ओकपारांकडे कान आहेत, लादिपोंकडे गळा आहे. एकाने ऐकून पाटीवर लिहावं, दुसऱ्याने ओरडावं.”

“आणि अध्यक्ष कोण?” ओकपारांनी विचारलं. हा प्रश्न लादिपोंना मोरेनिकेशिवाय कळला.

“मत घ्या,” कुणीतरी म्हणालं. “मत घेतलं तर मोजणी, फेरमोजणी, आक्षेप,” दुसरं कुणी म्हणालं, “भात गार होईल.” ओकपारांनी हात वर केला. शेवटची रांग हाच निकष असेल तर त्यांची तयारी होती. आवाज काय, कुणालाही चढवता येतो. त्यांनी उच्च न्यायालयात उभं राहून युक्तिवाद केले होते. ज्याचा आवाज शेवटच्या रांगेत कमी भरेल त्याने उमेदवारी मागे घ्यावी. मतदानाची गरज नाही.

मोरेनिकेने हे नवऱ्याला सांगितलं आणि हळूच विचारलं, “घ्यायची का जोखीम? नाही म्हटलंत तरी चालेल. मतं मिळतील तुम्हाला, बहुतेक.”

लादिपोंना बहुतेक हा शब्द कधीच आवडला नव्हता. “माप घ्या,” ते म्हणाले.

बुसोलाने पिशवीतून आवाज मोजायचं हातभर नळीसारखं एक यंत्र काढलं. टोकाला काळा स्पंज, पोटावर आकड्यांची खिडकी. ती शेवटच्या रांगेत जाऊन रिकाम्या खुर्चीवर बसली आणि यंत्र कानाच्या उंचीवर धरलं. तिथल्या कानांसाठी साठ डेसिबलच्या खालचा आवाज म्हणजे नुसता वारा, असं तिने आधीच सांगून ठेवलं. दोघांनी टेबलाच्या एकाच जागी उभं राहायचं आणि एकच वाक्य म्हणायचं. वाक्य ओदेतुंडेंनी सुचवलं: जेवण तयार आहे.

ओकपारा आधी. त्यांनी कोट सारखा केला, डावा हात पाठीमागे घेतला, न्यायमूर्तींनी पुढे झुकून ऐकावं अशा त्या जन्मभराच्या वजनदार, संथ, खोल आवाजात वाक्य म्हटलं आणि अखेरच्या शब्दावर थोडं थांबले. सभेतलं कुणीही जागचं हललं नाही.

मग लादिपो. त्यांनी टोपी डावीकडे पाडली. मोरेनिके बाजूला सरली. आता त्यांना कुणाचे ओठ दिसत नव्हते, फक्त लांबवर खुर्च्यांच्या टोकाला धरलेला एक काळा ठिपका दिसत होता. स्वतःचा आवाजही त्यांना छातीत जाणवे तेवढाच. त्यांनी श्वास घेतला आणि वाक्य म्हटलं.

अकराही काठ्या एकदम जमिनीवर टेकल्या. पुढची रांग उठली, मागची उठली, ओदेतुंडे दाराच्या दिशेने निघालेसुद्धा. बुसोलाने त्याआधीच यंत्र थांबवलं होतं. गर्दीतून वाट काढत ती फळ्यापाशी आली, खडू घेतला आणि सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलं:

शेवटची रांग, अंतर नऊ मीटर. प्रा. ओकपारा, ५१ डेसिबल. प्रा. लादिपो, ७४ डेसिबल.